इंटरनेट सगळीकडे एकदम बंद पडेल का? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गांधीबागेतील घाऊक व्यापारी, मिहानमध्ये नोकरी करणारे तरुण, घरून परीक्षा देणारे विद्यार्थी आणि मुले परदेशी असलेले आईवडील यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. परदेशात कुठे मोठा बिघाड झाल्याची बातमी आली, किंवा गल्लीत रस्ता खोदायला सुरुवात झाली, की त्यांची संख्या वाढते. या दोन गोष्टींपैकी आपल्याला अधिक त्रास कोणती देते, हे खालील उत्तरांवरून लक्षात येईल.

संपूर्ण जगाचे इंटरनेट एकाच वेळी बंद पडू शकते का?

तसे घडण्याची शक्यता अत्यंत कमी आहे. इंटरनेट म्हणजे ७० हजारांहून अधिक स्वतंत्र जाळ्यांनी एकमेकांची माहिती पुढे पोहोचवण्याचे मान्य केलेली व्यवस्था आहे. ही जाळी दूरसंचार कंपन्यांची, विद्यापीठांची, बँकांची आणि सरकारी खात्यांची असून त्यांचे मालक, देश, यंत्रसामग्री आणि वीजपुरवठा वेगवेगळे आहेत. त्यामुळे सर्वांना एकाच क्षणी थांबवणारी कळ कोणाच्याही हातात नाही. पाठवलेला मजकूर लहान लहान पॅकेटांत विभागला जातो आणि एक मार्ग बंद झाला, तर मार्गदर्शक यंत्रे (राउटर) दुसरा मार्ग शोधतात.

मात्र ‘जगाचे इंटरनेट’ शाबूत राहिले म्हणून आपल्या घरातले चालू राहीलच, असे नाही. ही व्यवस्था मध्यभागी भक्कम आहे, परंतु तिच्या कडेला, म्हणजे आपल्या गल्लीत, ती बरीच नाजूक आहे, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या मूठभर मोठ्या सेवांच्या बाबतीत ती दिसते त्याहून अधिक एकवटलेली आहे. पुढील बहुतेक उत्तरे याच फरकाभोवती फिरतात.

अणुयुद्धातूनही टिकावे म्हणूनच इंटरनेट बनवले होते, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. अमेरिकेतील रँड संस्थेत पॉल बॅरन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हल्ल्यानंतरही चालू राहील अशा विखुरलेल्या संपर्कजाळ्याची मांडणी केली होती. परंतु २९ ऑक्टोबर १९६९ रोजी ज्यावरून पहिला संदेश गेला, ते अर्पानेट संशोधकांना दूरच्या महागड्या संगणकांचा सामायिक उपयोग करता यावा यासाठी उभारले गेले होते. त्या पहिल्या प्रयत्नात ‘लॉगिन’ या शब्दाची पहिली दोन अक्षरे पोहोचताच समोरची यंत्रणा कोसळली, हेही येथे नोंदवायला हरकत नाही. माहिती पाठवण्याचे आजचे नियम, म्हणजे टीसीपी-आयपी, त्या जाळ्यावर १ जानेवारी १९८३ पासून लागू झाले आणि भारतात सर्वसामान्यांसाठी ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली.

नागपूर तर समुद्रापासून इतके दूर आहे. समुद्रातील केबल तुटली तर आपल्याला काय फरक पडतो?

फरक पडतो, पण बातम्यांवरून वाटतो तितका नाही. खंडांमधील जवळजवळ सर्व माहिती समुद्रतळावरील ऑप्टिकल फायबर केबलमधूनच जाते, उपग्रहांचा वाटा अगदी नगण्य आहे. भारतात येणाऱ्या बहुतेक केबल मुंबई आणि चेन्नई या दोनच शहरांत किनाऱ्याला लागतात, आणि मुंबईतही त्यांची मोठी दाटी वर्सोव्याच्या परिसरात आहे. जगभरात दरवर्षी अशा केबलमध्ये साधारण १५० ते २०० बिघाड होतात. त्यांतील बहुतांश मासेमारीच्या जाळ्यांमुळे आणि जहाजांच्या नांगरांमुळे होतात, घातपाताचा संशय मात्र प्रत्येक वेळी आधी घेतला जातो.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या, तेव्हा भारताची पश्चिमेकडे जाणारी क्षमता एकदम घटली आणि येथील अनेक कंपन्यांचे काम रखडले. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ पुन्हा दोन महत्त्वाच्या केबलना इजा झाली. त्या वेळी परदेशी संकेतस्थळे मंदावली, परंतु भारतातील सर्वसामान्य वापर थांबला नाही. दरम्यानच्या काळात केबलची संख्या वाढली होती, सिंगापूरकडून जाणारा पूर्वेचा मार्ग बळकट झाला होता आणि लोक सर्वाधिक पाहतात त्या चित्रफितींच्या प्रती देशातील डेटा सेंटरांत आणि सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या आवारातच ठेवल्या जाऊ लागल्या होत्या. यूपीआयच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्येच व्यवहारांची माहिती भारतात साठवण्याचे बंधन घातले आहे, त्यामुळे इतवारीतील दुकानात होणारे व्यवहार समुद्र ओलांडत नाहीत.

पर्याय नसला की काय होते, हे टोंगा या बेटदेशाने अनुभवले. १५ जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखी उद्रेकात त्याची एकमेव आंतरराष्ट्रीय केबल तुटली आणि ती पूर्ववत व्हायला पाच आठवड्यांहून अधिक काळ लागला.

देशाच्या मध्यभागी असल्याचा नागपूरला काही फायदा होतो का?

होतो. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, आणि येथील ‘डायमंड क्रॉसिंग’ रेल्वेप्रेमींना ठाऊक असते. लांब पल्ल्याची फायबर केबल बहुधा रेल्वेमार्ग, महामार्ग आणि उच्चदाबाच्या वीजवाहिन्या यांच्या सोबतीने टाकली जाते, कारण तेथे जागेचा हक्क एकाच मालकाकडून मिळतो. परिणामी भुसावळ, इटारसी, बल्लारशा आणि गोंदिया अशा चारही दिशांनी शहराला बाहेर पडण्याचे मार्ग आहेत. मुंबईकडचा मार्ग तुटला, तर हैदराबाद किंवा चेन्नईकडून वळसा घेता येतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे हजार किलोमीटरच्या वळशालाही एका बाजूने केवळ पाच सहस्रांश सेकंद अधिक लागतात आणि तो वळसा आपल्याला जाणवतही नाही. अर्थात, आपल्या सेवा कंपनीने असा पर्यायी मार्ग प्रत्यक्षात भाड्याने घेतलेला असला पाहिजे. लहान कंपन्या तो खर्च टाळतात, हे उघड गुपित आहे.

मग आमच्या गल्लीत इंटरनेट सारखे का बंद पडते?

कारण वर वर्णन केलेली सारी लवचिकता मुख्य रस्त्याच्या पेटीपाशी संपते. तेथून घरापर्यंत येणारी तार एकच असते, तिला दुसरा मार्ग नसतो आणि अनेकदा तिला जमिनीखालची नळीही नसते. ती विजेच्या खांबांवरून, झाडांच्या फांद्यांतून आणि गच्च्यांच्या कठड्यांवरून आलेली असते. नागपुरात गेली कित्येक वर्षे सिमेंट रस्ते, मेट्रो, उड्डाणपूल आणि जलवाहिन्या यांची कामे सुरू आहेत, आणि जेसीबी चालवणाऱ्याला जमिनीखाली कुठे काय आहे याचा नकाशा क्वचितच मिळतो.

मार्च २०११ मध्ये जॉर्जिया देशात जमीन खोदणाऱ्या ७५ वर्षांच्या एका आजीबाईंच्या फावड्याने केबल तुटली आणि शेजारच्या आर्मेनियातील बहुतांश इंटरनेट सुमारे पाच तास ठप्प झाले. ही बातमी जगभर आश्चर्याने वाचली गेली. आपल्याकडे त्याच प्रकारची घटना आठवड्यातून एकदा तरी घडते, फक्त नुकसान एका वस्तीपुरते मर्यादित असल्याने तिची बातमी होत नाही.

तुटलेली फायबर जोडणे हे वायरला वायर पिळण्याइतके सोपे नसते. काचेचे केसासारखे बारीक धागे सोलून, साफ करून, एकासमोर एक अचूक धरून विजेच्या ठिणगीने वितळवावे लागतात. त्यालाच कामगार ‘स्प्लायसिंग’ किंवा नुसते ‘जॉइंट मारणे’ म्हणतात. भर पावसात किंवा नवतपाच्या दुपारी खड्ड्यात बसून हे काम करणाऱ्या माणसाला तासाभरात दहा फोन करण्याआधी याचा विचार व्हावा.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या, तर धोका टळेल का?

दोन्ही तारांचे रस्ते खरोखर वेगळे असतील, तरच. प्रस्तुत लेखकाने धरमपेठेतील आपल्या घरी मोठ्या विश्वासाने दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या होत्या. एका सकाळी कोपऱ्यावरचा खांब हलवला गेला आणि दोन्ही एकाच मिनिटाला गेल्या, तेव्हा कळले की दोन्ही तारा त्याच खांबावरून, एकाच पट्टीने आवळून आणलेल्या आहेत. महिन्याला दोन देयके भरूनही जोडणी वास्तविक एकच होती. घरगुती वापरासाठी एक तारेची जोडणी आणि एक मोबाइल डेटा ही जोडी अधिक उपयुक्त ठरते, त्यातही मोबाइलची कंपनी वेगळी असावी. दुकान किंवा कार्यालय असल्यास तार कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या पेटीतून येते, हे जोडणी घेण्यापूर्वी कंपनीच्या माणसासोबत चालत जाऊन पाहावे.

मोठ्या प्रमाणावर वीज गेली, तर इंटरनेट किती वेळ टिकेल?

मोठ्या एक्स्चेंज इमारतींत आणि डेटा सेंटरांत जनरेटर असतात, आणि डिझेल मिळत राहिले तर ती केंद्रे दीर्घकाळ चालतात. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या मात्र काही तासांच्याच असतात. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली, तेव्हा दिवस सरता सरता बॅटऱ्या संपत गेल्या आणि मोबाइल सेवाही विझत गेली. भारतात ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेकडील आणि नंतर पूर्व व ईशान्येकडील ग्रिड कोसळून ६० कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात अंधार झाला होता. पश्चिम ग्रिड त्या वेळी टिकून राहिल्यामुळे विदर्भाला त्याची झळ लागली नाही.

घरातील राउटर आणि फायबरचा डबा यांना फार कमी वीज लागते, त्यामुळे लहानसा इन्व्हर्टरदेखील त्यांना कित्येक तास चालवतो. गल्लीतल्या पेटीला वीज कुठून मिळते, हा खरा प्रश्न आहे. ती एखाद्या दुकानाच्या मीटरवरून घेतलेली असेल, तर ते दुकान बंद झाले की आपले इंटरनेटही बंद.

इंटरनेटचे १३ मुख्य सर्व्हर पाडले, तर सगळे संपेल, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

तेरा हा आकडा खरा आहे, पण ती यंत्रांची संख्या नव्हे. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस व्यवस्थेच्या मुळाशी तेरा नावे आहेत, कारण जुन्या काळी एका पॅकेटात तेवढीच सोयीने मावत. आज या प्रत्येक नावामागे जगभर विखुरलेली अनेक यंत्रे असून त्यांची एकूण संख्या दीड हजारांहून अधिक आहे. आपली विचारणा आपोआप जवळच्या यंत्राकडे जाते. २१ ऑक्टोबर २००२ रोजी या तेरांवर एकाच वेळी मोठा हल्ला झाला होता, तरी सामान्य वापरकर्त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही.

‘इंटरनेटच्या किल्ल्या सात माणसांकडे आहेत’ या कथेचेही असेच आहे. त्या किल्ल्या डीएनएसमधील नोंदी खऱ्या असल्याची सही करणाऱ्या गुप्त चावीच्या सुरक्षेशी संबंधित आहेत. त्यांनी इंटरनेट चालू किंवा बंद करता येत नाही.

तर मग एखाद्या कंपनीच्या चुकीने अर्धे जग कसे थांबते?

येथे चिंता करणे रास्त आहे. जाळे विखुरलेले राहिले, पण त्यावरच्या सेवा काही थोड्या कंपन्यांकडे गोळा झाल्या. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकने देखभालीदरम्यान दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे त्या कंपनीचे संपूर्ण जाळे बाहेरच्या जगाला दिसेनासे झाले. व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामसह सर्व काही सुमारे सहा तास बंद राहिले आणि दुरुस्तीसाठी धावलेल्या कर्मचाऱ्यांना स्वतःच्याच इमारतीत शिरणे अवघड झाले. त्या रात्री नागपुरातही अनेकांनी ‘इंटरनेट गेले’ म्हणून केबलवाल्याला फोन केले, वास्तविक इंटरनेट व्यवस्थित चालू होते.

२० ऑक्टोबर २०२५ रोजी इतर कंपन्यांना संगणक भाड्याने देणाऱ्या अॅमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील केंद्रात डीएनएसच्या नोंदी बिघडल्या आणि त्या केंद्रावर अवलंबून असलेल्या असंख्य सेवा कोसळल्या. त्यानंतर महिन्याच्या आत, १८ नोव्हेंबरला, असंख्य संकेतस्थळांची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या यंत्रणेत एक फाइल अपेक्षेपेक्षा मोठी झाल्याने पुन्हा तसेच घडले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील सदोष सुधारणेने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्या देशातही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. या तिन्ही दिवशी समुद्रातील केबल, टॉवर आणि मार्गदर्शक यंत्रे निर्दोष होती.

मार्ग सांगण्याच्या पद्धतीतही एक जुना भाबडेपणा आहे. ‘अमुक पत्ता माझ्याकडे आहे’ असे एखाद्या जाळ्याने जाहीर केले, की शेजारची जाळी त्यावर सहसा विश्वास ठेवतात. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील दूरसंचार कंपनीने यूट्यूब आपल्या देशापुरते अडवण्यासाठी केलेली अशीच घोषणा चुकून जगभर पसरली आणि सुमारे दोन तास यूट्यूब अनेक देशांत दिसेनासे झाले. आता घोषणांवर डिजिटल सहीची पडताळणी वाढत आहे, पण ती सर्वत्र पोहोचलेली नाही.

सरकार इंटरनेट बंद करू शकते का?

करू शकते. मोठ्या भूप्रदेशात दीर्घकाळ इंटरनेट बंद राहण्याची जी उदाहरणे जगात आहेत, त्यांतील पुष्कळशी आदेशामुळेच घडलेली आहेत. इजिप्तमध्ये जानेवारी २०११ च्या अखेरीस थोड्याच कंपन्यांना सूचना देऊन जवळजवळ सारा देश पाच दिवस जगापासून तोडण्यात आला. सेवा देणाऱ्या कंपन्या मोजक्या असतील आणि त्या सर्व परवान्यावर चालत असतील, तर फायबर तोडण्याची गरजच पडत नाही.

भारतात जम्मू-काश्मीरमध्ये ५ ऑगस्ट २०१९ पासून सेवा बंद करण्यात आली आणि तेथील ४जी पूर्णपणे परत यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडले. मणिपूरमध्ये २०२३ च्या मे महिन्यापासून अशीच दीर्घ बंदी होती. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की इंटरनेटद्वारे होणारी अभिव्यक्ती आणि व्यापार यांना संविधानाचे संरक्षण आहे, अनिश्चित काळासाठी बंदी घालता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. सध्या दूरसंचार अधिनियम २०२३ आणि त्याखालील २०२४ चे नियम लागू आहेत. त्यांनुसार राज्यात असा आदेश सामान्यतः गृह सचिव देतात, तो एका वेळी १५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचे पुनरावलोकन करायचे असते. आपल्या भागात बंदी आली, तर आदेशाची प्रत, त्याचे कारण आणि त्याचे क्षेत्र विचारण्याचा आपल्याला आधार आहे. हा आदेश मुख्यतः मोबाइल डेटासाठी दिला जातो, घरातील तारेची जोडणी अनेकदा, पण नेहमीच नव्हे, त्यातून वगळलेली असते.

सौर वादळाने इंटरनेट नष्ट होईल का?

फायबरमधील प्रकाशावर सौर वादळाचा परिणाम होत नाही. समुद्रातील केबलमध्ये दर साठ-शंभर किलोमीटरवर संकेत वाढवणारी यंत्रे असतात आणि त्यांना लांब तांब्याच्या वाहकातून वीज पुरवली जाते, तेथे धोका संभवतो. तो ध्रुवांकडील प्रदेशात अधिक आणि विषुववृत्ताकडे कमी असतो. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्च १९८९ मध्ये अशा वादळाने कॅनडातील क्वेबेकची वीज नऊ तास घालवली होती, म्हणून खरी काळजी विजेच्या ग्रिडची. मे २०२४ च्या तीव्र वादळात लडाखमधील हानले येथून आकाशात लाल आभा दिसली, इंटरनेट मात्र चालू राहिले.

उपग्रहाचे इंटरनेट घेतले, तर कोणतीच भीती उरणार नाही ना?

खोदकामाची भीती उरणार नाही. परंतु उपग्रहाकडून आलेली माहिती जमिनीवरील केंद्रातूनच पुढे जाते, ते केंद्र देशाच्या परवान्याखाली असते आणि बंदीचा आदेश त्यालाही लागू होतो. २४ जुलै २०२५ रोजी अंतर्गत सॉफ्टवेअरच्या दोषामुळे स्टारलिंकची सेवा जगभर सुमारे अडीच तास बंद पडली होती.

दुकानातील यूपीआय बंद पडले, तर काय करावे?

आधी आपले इंटरनेट गेले आहे की यूपीआयच, हे ठरवावे. मोबाइल डेटा बंद असेल पण सिग्नल असेल, तर *९९# ही सेवा आणि साध्या फोनसाठीची १२३पे ही सेवा डेटाशिवाय चालते. मात्र दोन्हींच्या मागे तीच केंद्रीय यंत्रणा आहे. १२ एप्रिल २०२५ रोजी ती यंत्रणाच अडखळली होती, आणि अशा वेळी हे मार्ग उपयोगाचे नसतात. म्हणून कळमना बाजारातील जुने आडते अजूनही गल्ल्यात सुटे पैसे आणि हाताशी उधारीची वही ठेवतात, त्यात मागासलेपणा काही नाही.

इंटरनेट नसताना घरच्यांशी संपर्क कसा ठेवावा?

डेटा बंद असताना साधा कॉल आणि एसएमएस बहुधा चालतात, तेव्हा महत्त्वाचे दहा क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. ब्लूटूथवरून संदेश पाठवणारी अॅप थोड्याच मीटरांपर्यंत पोहोचतात आणि ती आधी उतरवून ठेवलेली असावी लागतात. टॉवर आणि वीज दोन्ही गेल्यावरही चालतो तो परवानाधारक हौशी मंडळींचा हॅम रेडिओ. २००१ च्या भूज भूकंपात त्याचा उपयोग झाला होता.

बिघाड नेमका कुठे आहे, हे घरबसल्या कसे ओळखावे?

फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल, तर तार तुटली आहे आणि राउटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. दिवे हिरवे आहेत, पण एकही पान उघडत नाही, असे असेल तर शेजाऱ्याला विचारावे. त्याच कंपनीची जोडणी त्याच्याकडेही बंद असेल, तर दोष गल्लीतल्या पेटीत किंवा कंपनीत आहे. काही संकेतस्थळे उघडतात आणि काही नाही, असे दिसले तर मोबाइल डेटावरून तीच उघडून पाहावीत. तेथे उघडली तर आपल्या कंपनीच्या डीएनएसमध्ये किंवा मार्गात अडचण आहे. तेथेही उघडली नाहीत तर बिघाड त्या सेवेचाच आहे, आणि केबलवाल्याला फोन करण्याचे कारण नाही.